नाव ठेवलं कोणी?

मागच्या आठवड्यात काकांचा टोरांटोहून फोन आला. त्यांची मुलगी तिकडे असते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती त्यांना घेऊन गेली. माझी, माझ्या नवऱ्याची, आईची चौकशी करायच्या आधी त्यांनी सांगितलं, की त्यांच्या घरावरून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरचं नाव कोफी आहे. मूळचा घानाचा. शुक्रवारी जन्मला म्हणून कोफी. आपल्या इंदूरजवळच्या झाबुआकडे सोमवारचा सोमला आणि मंगळवारचा मंगल्या असतो, तसंच डिट्टो. मी विचारलं, थंडी कशी आहे? थंडी आहे, म्हणाले, पण त्याचं नाव बापानं ठेवलं की आईनं, हे विचारायच्या आत स्टॉप आला. उद्या परत त्याच बसने जाणार आहेत. जायचं कुठे आहे, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

हे काका दोन वर्षं माझे घरमालक होते. इंदूरला बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत त्यांचं अरुंद तीन मजली घर. वरच्या गच्चीला लागून माझी खोली. मी साताऱ्याकडची, पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून इंदूरला आले होते. गल्लीत त्यांना लहानथोर सगळे ‘नामवाले काका’ म्हणत. दारावर पाटी नव्हती. खरं नाव विचारलं तर म्हणायचे, पंचांगात जे अक्षर निघालं त्यावरून आजोबांनी ठेवलं, त्यात बोलण्यासारखं काय आहे? म्हणून मीही ते इथे लिहीत नाही.

त्यांचा छंद नावांचा. समोर आलेल्या माणसाला ते चार गोष्टी विचारत: नाव काय, अर्थ काय, ठेवलं कोणी आणि कारण काय. पहिल्या दोन गोष्टींत त्यांना फार रस नसे. “मतलब काय, पुस्तकात मिळून जातो गं,” असं त्यांचं म्हणणं. “ठेवलं कोणी, ते पुस्तकात नाही मिळत. ते माणसालाच विचारावं लागतं. और वो भी चाय पिला के.” चहा मात्र ते खरंच पाजत. गॅसची टाकी आणणारा, पाण्याचं मीटर बघणारा, मतदार यादी घेऊन येणाऱ्या शिक्षिका, कोणीही तिसऱ्या प्रश्नाआधी सुटलेला मी पाहिला नाही.

उत्तरं लिहायला त्यांच्याकडे कार्डं असत. गल्लीतल्या सगळ्यांच्या जुन्या लग्नपत्रिका ते मागून आणत आणि मागच्या कोऱ्या बाजूचे हाताएवढे तुकडे कापत. एका बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा अर्धा गणपती, दुसऱ्या बाजूला चार ओळी. ही कार्डं त्यांनी चहाच्या अकरा खोक्यांत भरून ठेवली होती. भेटलेल्या माणसांची नावं वेगळी आणि नुसती वाचलेली, ऐकलेली वेगळी. ऐकीव नावांच्या खोक्यांना ते उष्टी खोकी म्हणत आणि पलंगाखाली ढकलून ठेवत.

कार्ड लिहून झालं की ते मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि ऐकणाऱ्याने शेवटी ‘हजर’ म्हणायचं, असा नियम होता. तो नियम गिरणीतला. तरुणपणी काका परदेशीपुऱ्यातल्या एका कापड गिरणीत हजेरीबाबू होते. पाळी सुरू होताना फाटकाशी उभं राहून नावं पुकारायची, समोरून ‘हजर’ आलं की खूण करायची. रांगेत पूर्वेकडचे, राजस्थानचे, खानदेशातले, मालव्यातले, सगळीकडचे लोक. त्यांत एक होता घुरहू. हे कसलं नाव म्हणून काका हसले, तर त्याने शांतपणे सांगितलं, की घूर म्हणजे उकिरडा. त्याच्याआधीची सगळी भावंडं गेली होती. हा तरी राहावा म्हणून आईने जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवला आणि टाकलेला पोर म्हणून परत उचलला. यमाची नजर जाऊ नये एवढ्यासाठी. काका सांगत, त्या दिवशी पुढची नावं पुकारताना त्यांची जीभ अडखळली; रोज तोंडाने नुसती घेतलेली ही नावं कुणीतरी विचार करून दिलेली आहेत, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. गिरण्या बंद पडल्या, काकांनी पुढे सियागंजमध्ये किराण्याच्या घाऊक दुकानात नोकरी केली, चहाची खोकी तिथूनच आली. पण घुरहू काही डोक्यातून गेला नाही.

एकदा राजवाड्याजवळ त्यांनी सिग्नल तोडला. मी स्कूटरवर मागे बसले होते. हवालदाराने अडवलं, तशी काकांनी त्याच्या छातीवरची पट्टी वाचली आणि विचारलं, “नाहरसिंह! भिया, नाम रखा किसने?” हवालदार आधी चिडला. मग म्हणाला, दादीने. नाहर म्हणजे वाघ. तो जन्मला त्या दिवशी गावातून बिबट्या चालत गेला होता आणि कुणाला काही न करता गेला होता, म्हणून. पुढची दहा मिनिटं चौकातली वाहतूक आपल्या मनाने चालली. दंड झालाच, तो काही चुकला नाही, पण पावतीच्या मागे काकांनी कार्डाचा मजकूर लिहून घेतला आणि वाचून दाखवला. वर्दीतला तो आडदांड माणूस भर चौकात ‘हाजिर’ म्हणाला. मला कुठे बघावं कळेना.

खोटं मात्र त्यांना बोलता येत नसे, निदान नावाच्या बाबतीत. समोरच्या घरी नातवाचं बारसं होतं. मोबाइलवर शोधून मुलाचं नाव तियांश ठेवलं आणि आजोबांनी हातात माइक घेऊन सांगितलं, की हा संस्कृत शब्द असून अर्थ आहे सूर्याचा पहिला किरण. काका लाडू खाता खाता म्हणाले, असा शब्द संस्कृतात नाही. बायकांचं गाणं थांबलं. त्यांनी लगेच पुढे विचारलं, ठेवलं कोणी? मुलाची आई म्हणाली, मी. कारण? ऐकायला गोड वाटलं म्हणून. “मग झालं की,” काका म्हणाले, “आईला गोड वाटलं, याहून मोठा मतलब कुठला आणायचा?” पण हे शेवटचं वाक्य ऐकायला माणसं शिल्लक राहिली नव्हती. त्यानंतर गल्लीत त्यांना बारशाची बोलावणी येईनाशी झाली. लाडू घरी पोचते होत.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या महिन्यातच खटकली होती. सगळ्या जगाला विचारणाऱ्या या माणसाने मला माझं नाव कधी विचारलं नाही. मी स्वतःच सांगितलं होतं, मला निशा म्हणतात. ते म्हणाले, अच्छा. बस. ठेवलं कोणी नाही, कारण नाही, चहा मात्र मिळाला. मला हायसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, की मीटरवाल्याइतकीही मी विचारण्यासारखी नाही का?

हायसं वाटायला कारण होतं. माझं खरं नाव नकुसा. आमच्याकडे लागोपाठ मुली झाल्या की नको असताना आलेलीला हे नाव देत. घरात मी तिसरी. शाळेत हजेरीला मास्तर हे नाव घेत तेव्हा मी ‘हजर’ इतकं हळू म्हणायची, की अर्ध्या वेळा गैरहजेरी लागायची. गावात पुढे कधीतरी अशा मुलींची नावं बदलून देण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी शिकायला बाहेर होते, राहून गेलं. निशा हे मी कॉलेजात स्वतःच घेतलं. पण कागदांवर नकुसाच राहिली. वकिलाकडे जाऊन बदलून का घेतलं नाहीस, असं कुणीही विचारेल. स्वतःच स्वतःला नाव देणं मला स्वतःच स्वतःला ओवाळून घेण्यासारखं वाटायचं. शिवाय आईने लहानपणापासून एक समजूत घालून ठेवली होती: लग्नात बाईचं नाव बदलतंच, ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवीन नाव लिहितो, तेवढी वर्षं काढ. मी ती वर्षं काढत होते.

काकांकडे पोळ्या करायला धापूबाई येत. मालव्यातल्याच. एका रविवारी जेवताना काकांनी मला मुद्दाम त्यांचं कार्ड वाचून दाखवलं. धापू म्हणजे पोट भरलं, आता पुरे. सहा मुलींनंतर सातवी आली तेव्हा बापाने देवाला दिलेला तो निरोप होता. धापूबाई पोळी लाटता लाटता हसल्या. म्हणाल्या, “ने म्हारा पाछे भई हुयो. नाम काम करी गयो.” पाठीवर भाऊ झाला, नावाने काम केलं, एवढंच त्यांना त्यात दिसत होतं. काकांना मग चेव चढला. तुर्कस्तानात येतेर नावाच्या बायका असतात, येतेर म्हणजे पुरे, तीसुद्धा मुलींनाच दिलेली. मंगोलियात नेरगुई, म्हणजे बिननावाचा, भुतांना पत्ता लागू नये म्हणून. आफ्रिकेत तर मुलाचं नावच असतं, की बाबा रे, थांब आणि मजेत जग. “आणि आपल्या महाराष्ट्रात—” ते म्हणाले, आणि थांबले. माझा घास तोंडातच होता. “महाराष्ट्रात धोंडू, दगडू, केरू,” त्यांनी वाक्य पुरं केलं आणि ताक मागितलं. मला वाटलं, सुटले. यांना ते नाव माहीतच नाही.

दुसऱ्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा इंदूरचाच, राजेंद्र नगरमधला. आजोबांच्या काळापासून इथे असलेलं मराठी घर. माणसं चांगली. होणाऱ्या सासूबाईंनी पहिल्याच भेटीत माझा हात हातात घेऊन सांगितलं, आमच्याकडे सुनेचं नाव बदलत नाहीत, माझंही बदललं नव्हतं, तू निशा ती निशाच राहणार. हे सांगताना त्यांना केवढा अभिमान वाटत होता. मी हसले, थँक्यू म्हणाले, आणि घरी येऊन गच्चीत बसून रडले. सत्तावीस वर्षं ज्या ताटाची वाट पाहिली ते ताट या भल्या लोकांनी आधीच उचलून ठेवलं होतं. आणि त्यांना कुणालाही, मुलालाही, नकुसा माहीत नव्हती. पत्रिका छापायला शुक्रवारी जाणार होती. पुढे लग्नाच्या नोंदणीला आधार कार्ड दाखवावंच लागणार.

बुधवारी संध्याकाळी मी काकांच्या खोलीत गेले. ते कार्डं कापत बसले होते. मी म्हणाले, “काका, मला एक नाव हवंय. तुमच्याकडे इतकी आहेत, त्यातलं एक चांगलं काढून द्या.”

त्यांनी कात्री ठेवली. निशा नको का, असं त्यांनी विचारलं नाही. उठून दुसऱ्या खोक्यातून एक कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. त्यावर माझं नाव होतं. खरं. खालच्या तिन्ही ओळी कोऱ्या. भाडेकरूच्या पोलीस फॉर्मसाठी मी पहिल्या दिवशी आधारची झेरॉक्स दिली होती, तेव्हापासून हे कार्ड तिथे होतं. दोन वर्षं हा माणूस ते विचारायचं नाही म्हणून गप्प बसला होता. उपास मोडू नये म्हणून खाऊचा डबा नजरेआड ठेवतात, तसं त्यांनी ते कार्ड खोक्याच्या तळाशी घातलं होतं.

मी विचारलं, हे धोंडूसारखंच असेल ना? म्हणजे जगावी म्हणून? घुरहूसारखं?

“नाही,” काका म्हणाले. “तुला बरं वाटेल म्हणून खोटं नाही बोलणार. धोंडू वेगळा, हे वेगळं.” त्यांनी चष्मा पुसला. “पण ठेवलं कोणी?”

माहीत नाही, मी म्हणाले. घरच्यांनीच असेल.

“आईनं?”

आई मला नकुसा म्हणते, हे मला माहीत होतं. ती ते नाव कधीच जोरात घेत नाही, कामाला हाक मारायची तर ‘अगं’ म्हणते, हेही माहीत होतं. पण मी कधी विचारलं नव्हतं. उत्तर ‘हो’च आलं तर, या भीतीने नव्हतं विचारलं. काका जरा रागावलेच. “मी इथे सगळ्या दुनियेला विचारून राहिलो, आणि तू घरात आईला नाही विचारलं? माझ्याकडची सगळी नावं कुणीतरी कुणाला तरी दिलेली आहेत, बेटा. त्यातलं एकही माझं नाही, तुला देऊ काय? आधी फोन लाव.”

फोन तिथेच, त्यांच्यासमोर लावला. माझं नाव ठेवलं कोणी, मी विचारलं. आई म्हणाली, पाळणा केलाच नव्हता तुझ्या वेळी. तुझी आजी उंबऱ्यावरून म्हणाली नकुसाच म्हणा हिला, आत्याने मान डोलावली, शाळेत तेच लागलं. मी विचारलं, तुला विचारलं असतं तर तू काय ठेवलं असतंस? “फोनवर नको,” आई म्हणाली. “मी येते.” पुण्यापलीकडे कधी न गेलेली माझी आई.

राहिल्या सासूबाई. गुरुवारी जाऊन मी त्यांना आणि त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं. त्याने नुसता पाण्याचा ग्लास पुढे केला. सासूबाई म्हणाल्या, पत्रिका थांबवते. माझा चेहरा उतरलेला पाहून पुढे म्हणाल्या, “अगं, नाव कळल्याशिवाय छापू कशी?”

आई येणार हे ठरल्यावर काकांनी जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. त्यांनी माझं बारसं करायचं ठरवलं. ज्या माणसाला गल्लीत बारशाला बोलवत नव्हते त्याने स्वतःच्या घरी बारसं काढलं, तेही सत्तावीस वर्षांच्या भाडेकरणीचं. तियांशचा पाळणा मागून आणला. मी त्यात मावणार नव्हते, म्हणून आत नारळ ठेवला आणि शेजारी पाटावर मला बसवलं. धापूबाईंनी घुगऱ्या शिजवल्या. कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो, यावर समोरच्या आजोबांनी हरकत घेतली. काका म्हणाले, आत्याला एक चान्स मिळून चुकला आहे.

रविवारी सकाळी अकरा वाजता आई माझ्यामागे येऊन बसली. प्रवासाने सुजलेले पाय, हिरवी नवी साडी. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि सांगितलं. “हौसा.” आणि रीत म्हणून नाव सांगणाऱ्याच्या पाठीत हलकेच बुक्के मारतात, तसे धापूबाईंनी आईच्या पाठीत असे घातले, की आई रडता रडता हसली.

काका पेन उघडून समोर बसले होते. त्यांनी आईलाही चहा दिला, मगच विचारलं. अर्थ? आई म्हणाली, हौस, आणखी काय? ठेवलं कोणी? मी. कारण?

आई पदराशी चाळा करत म्हणाली, हे तिचंच माहेरचं नाव. लग्नात ताटात दुसरं लिहिलं आणि हे गेलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हाच तिने ठरवलं होतं, मुलगी झाली की हे तिला द्यायचं. पहिल्या दोघींची नावं आत्याने ठेवली. तिसऱ्या वेळी सगळे मुलगा मागत होते आणि ही एकटी मनात मुलगी मागत होती.

“का?” काकांनी विचारलं. अशा वेळी दुसरं कुणी विचारलं नसतं.

“हवी होती,” आई म्हणाली.

नकुसा म्हणून ज्या घरात मी वाढले तिथे एक माणूस पहिल्या दिवसापासून माझी वाट पाहत होतं, आणि मला ते आज कळत होतं. मला आईचा राग आला, की इतकी वर्षं बोलली का नाही. आणि तिला मिठी मारावी असंही वाटलं. दोन्ही एकदमच आलं आणि मी नुसती पाटावर बसून राहिले.

काकांनी जुनं कार्ड फाडलं नाही. कार्ड ते कधीच फाडत नसत. त्याला टाचणीने नवीन कार्ड जोडलं, चार ओळी लिहिल्या, उठून उभे राहिले आणि गिरणीच्या फाटकाशी पुकारत असतील तसं खणखणीत आवाजात वाचलं: नाव, हौसा. अर्थ, हौस. ठेवलं कोणी, आईनं. कारण, हवी होती.

मग पेन हातात धरून, चष्म्यावरून माझ्याकडे बघत थांबले.

मी म्हणाले, “हजर.” खालच्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं असेल.